एका भिंतीचे दोन धनी

कार्तिकी एकादशी ज्या वर्षी नोव्हेंबरच्या अगदी आरंभी येते, त्या वर्षी पंढरीच्या कीर्तनकाराला एक सवड लाभते. पौर्णिमेचा काला होतो, वाळवंटातील राहुट्या उठतात, फडांची मंडळी आपापल्या गावी परततात, आणि तरीही सूर्य अद्याप तुला राशीतच असतो. दक्षिणेत तुला मासाचे अखेरचे दहा दिवस फार मोठे मानलेले आहेत. त्याच दहा दिवसांत केरळातील पालघाट येथे कल्पात्ती नदीच्या काठी श्रीविश्वनाथस्वामींचा रथोत्सव असतो. कित्येक वर्षांची इच्छा होती. योग गेल्या वर्षी आला. सोलापूरला गाडीत बसलो तो कोइमतूर मागे टाकल्यावरच खिडकीशी सरसावून बसलो. आपला सह्याद्री दक्षिणेकडे अखंड धावत जातो आणि येथे मात्र एकाएकी सुमारे तीस-चाळीस किलोमीटरांची वाट मोकळी सोडतो. या खिंडीतूनच काही शतकांपूर्वी कावेरीकाठची तमिळ ब्राह्मण कुटुंबे पश्चिमेकडे उतरली आणि त्यांनी पालघाटास आपली गावे वसविली. त्यांची परंपरा शहरातील अठरा अग्रहार मोजते. त्यांत कल्पात्तीचा मान पहिला.

कल्पात्ती म्हणजे एक रस्ता आहे, असे म्हटले तरी चालेल. सरळ, लांब रस्ता. त्याच्या दोन्ही अंगांना घरांच्या दोन ओळी, समोरासमोर, जणू आरतीला दोन बाजूंना उभी राहिलेली माणसे. दोन घरांमध्ये बोळ नाही, फट नाही. एका घराची उजवी भिंत तीच शेजारच्या घराची डावी भिंत. दर्शनी भाग अरुंद; पण आत शिरावे तर घर संपता संपत नाही. प्रथम रस्त्याकडेचा ओटा. त्याला तमिळमध्ये तिण्णै म्हणतात. वाटसरूने विचारल्यावाचून त्यावर पाठ टेकावी, अशी पूर्वापार रीत. मग पडवी, मग घराचे मधले दालन, मग आकाशाला उघडा असलेला लहानसा चौक, ज्यातून पाऊसही घरात येतो आणि चांदणेही. त्यापुढे स्वयंपाकघर, आणि अगदी मागे विहीर, परसू आणि पूर्वी गाईंचा गोठा. बाजूंना खिडकी ठेवता येत नाही, कारण तेथे शेजाऱ्याचे घर आहे. म्हणून उजेड आणि वारा यांचा सारा संसार त्या चौकावर चालतो. पहाटे दारादारांपुढे सडा पडतो आणि तांदळाच्या पिठाची कोलमे उमटतात. आमच्याकडील रांगोळीहून ती वेगळी. मुंग्यांनी पीठ खावे हा त्यांतील हेतू, त्यामुळे दुपारपर्यंत ती अर्धी पुसली जावीत हेच ठीक, असे तेथील स्त्रिया म्हणतात.

'अग्रहार' या शब्दाबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाणे माझ्या स्वभावाला कठीण आहे. वाचकांनी क्षमा करावी. हा शब्द पुष्कळांना दक्षिणेचा वाटतो. पण महाभारताच्या वनपर्वात, नलोपाख्यानात, तो आला आहे आणि आला आहे तो कोणाच्या तोंडी? विदर्भाधिपती भीमाच्या! कन्या दमयंती आणि जावई नल यांचा शोध लावून देणाऱ्याला सहस्र गाई, अग्रहार आणि नगराएवढा गाव देईन, असे तो ब्राह्मणांना सांगतो. म्हणजे आमच्या वऱ्हाडच्या राजाने देऊ केलेली ही देणगी आहे. महाभारताचे टीकाकार नीलकंठ चतुर्धर, मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे आणि वास्तव्याने काशीचे, ते या शब्दाची फोड अशी करतात की, ब्राह्मणभोजनासाठी राजाच्या धनातून वेगळे काढलेले क्षेत्र तो अग्रहार. कल्पात्तीत मात्र मला दुसऱ्याच दोन व्युत्पत्ती ऐकावयास मिळाल्या. एकाने सांगितले, एका टोकास हरि आणि दुसऱ्या टोकास हर म्हणून हे नाव. दुसऱ्याने सांगितले, देवाच्या गळ्यात घालण्यासाठी घरांचा ओवलेला हार म्हणून हे नाव. व्याकरण या दोहोंनाही मान डोलावणार नाही. तरी त्या रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून दोन्हीकडे पाहिले, तेव्हा दुसरी व्युत्पत्ती खोडून काढण्याचे धैर्य मला झाले नाही. हारात एक फूल कुजले की त्याच्या शेजारच्या फुलाला पहिली बाधा होते, ही गोष्ट पुढे येणारच आहे.

विश्वनाथाचे मंदिर वस्तीहून खाली, नदीच्या अंगाला आहे. पायऱ्या उतरून देवाजवळ जावे लागते आणि आणखी पायऱ्या उतरल्या की पाणी. घाटावरून मणिकर्णिकेची आठवण येते, म्हणून काशीचे अर्धे पुण्य कल्पात्तीला अशी तेथे म्हणच पडली आहे. हे मंदिर कोणा राजाच्या विजयाचे स्मारक नव्हे. एका विधवेचे आहे. लक्ष्मी अम्माळ नावाची बाई काशीला गेली, येताना बाणलिंग घेऊन आली आणि पालघाटचे राजे इट्टिकोंबी अच्चन यांच्या हाती १३२० पण देऊन तिने विनविले की या लिंगासाठी देऊळ बांधावे व त्याची व्यवस्था लावावी. हा काळ इसवी सन १४२५ च्या सुमाराचा सांगतात. आपल्याजवळचे सारे धन देवाच्या नावे लावणाऱ्या बायका आपल्याकडेही झाल्या. परंतु तिने जे मागितले त्यातील शहाणपण पाहावे. नुसते देऊळ नव्हे, देवळाची व्यवस्थाही. देऊळ बांधणे एका पिढीचे काम. त्याच्याभोवती दिवा लावणारी, वेद म्हणणारी, नैवेद्य शिजविणारी आणि रथ ओढणारी माणसे राहती ठेवणे हे प्रत्येक पिढीचे काम आहे. आज कल्पात्तीपुढे उभा असलेला प्रश्न तोच आहे.

रथोत्सवाचे स्वरूप कावेरीकाठच्या मायावरम् येथील, म्हणजे आजच्या मयिलाडुतुरै येथील, तुला मासाच्या उत्सवाच्या धर्तीवर असल्याचे सांगतात. ही माणसे नदी मागे सोडून आली. उत्सव मात्र बरोबर घेऊन आली. ध्वजारोहण होते, सकाळी वेदपारायण आणि रात्री संगीत चालते, आणि अखेरच्या तीन दिवसांत रथ निघतात. पहिल्या दिवशी विश्वनाथ-विशालाक्षी, गणपती आणि सुब्रह्मण्य यांचे. दुसऱ्या दिवशी नव्या कल्पात्तीच्या मंदक्करा महागणपतीचा. तिसऱ्या दिवशी जुन्या कल्पात्तीच्या लक्ष्मीनारायण पेरुमाळांचा आणि चात्तपुरम्‌च्या प्रसन्न महागणपतीचा. पुढून माणसे दोर ओढतात आणि मागून हत्ती मस्तक लावून रेटा देतो. लाकडी चाकांपुढे पाचरी सरकवून रथ वळविणारी माणसे पाहिली, तेव्हा ध्यानात आले की या वस्तीचा आराखडा माणसांच्या सोयीने झालेला नाही. रस्ता रथाच्या मापाचा आहे, आणि घरे त्या रस्त्याला धरून बसली आहेत. एका घरानेही दोन हात पुढे सरावयाचे ठरविले, तर देव अडेल.

रात्री भजनमंडपात गेलो. तमिळ, तेलुगू, संस्कृत अशी पदे चालली होती. झांजांची लय वाढली आणि एकाएकी कानावर तुकोबांचा अभंग पडला! उच्चार तमिळ वळणाचे; 'भ' चा 'ब' होत होता, 'ळ' मात्र आमच्याहूनही लखलखीत. क्षणभर मला आपण वाळवंटातच आहोत असे वाटले. नंतर विचार केला, तर यात नवल काही नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरास भोसल्यांचे राज्य होते, समर्थ संप्रदायाचे मठ तेथे होते, आणि १८६० च्या दशकात मोरगावकर बुवांची कीर्तने ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. त्या हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी, आर्या ही आमचीच वृत्ते आमच्याच नावांनी चालतात. तंजावराकडचे वारे या खिंडीतून पालघाटच्या अग्रहारांत पोहोचले नसते तरच आश्चर्य! मृदंगाचे तर हे माहेरच. पालघाट मणि अय्यर (१९१२–१९८१) यांचे आरंभीचे गुरू याच चात्तपुरम्‌चे सुब्ब अय्यर. हे शिक्षण कोणत्या शाळेत होत असे, हे विचारण्याचे कारण नाही. ओट्यावर होत असे. एका ओट्यावर मृदंगाचे बोल, पलीकडच्या ओट्यावर वेदाची संथा आणि समोरून दोन्ही ऐकत जाणारी मुले, अशी ती शाळा.

माझा मुक्काम ज्या घरी होता, त्या घरच्या वृद्धा सत्त्याहत्तर वर्षांच्या. आयुष्याची एकतीस वर्षे त्यांनी माटुंग्याला काढली. यजमान तेथे नोकरीस होते. त्यामुळे मराठी उत्तम. सारे त्यांना मामी म्हणत, मीही म्हणू लागलो. त्या मला बुवा म्हणू लागल्या. पहिल्याच सकाळी कॉफीचा पेला हाती देऊन त्यांनी मला मधल्या दालनात नेले आणि डाव्या भिंतीवर हात ठेवावयास सांगितले. भिंत गार होती आणि ओली होती. नोव्हेंबर महिना, परतीचा पाऊसही ओसरत आलेला.

"ही भिंत माझी आहे आणि माझी नाही," मामी म्हणाल्या. "पलीकडचे घर अकरा वर्षे बंद आहे. आढे खचले, कौले आत पडली. तेथे पडणारे पाणी इकडे येते. बुवा, शेजारी कुलूप लावून परदेशी गेले. भिंत कुठे जाणार?"

मी ओट्यावरून एक फेरी मारली, तेव्हा अशी कुलपे आणखी दिसली. काही ठिकाणी जुने घर काढून सिमेंटचे नवे उभे राहिले आहे. ते हारात प्लॅस्टिकचे फूल ओवावे तसे दिसते खरे, पण त्यात निदान माणसे राहतात, दारात कोलम आहे. मला ओळीत खुपले ते कुलूप, सिमेंट नव्हे. हे माझे मत सर्वांना रुचेल असे नाही.

माणसे गेली का? आळसाने नव्हे, आणि धर्म सुटल्यानेही नव्हे. येथील पुष्कळ घरांचा चरितार्थ भातशेतीच्या खंडावर चाले. इंग्रजी शिक्षणाने पहिली पिढी मद्रास, मुंबई, दिल्लीच्या कचेऱ्यांत गेली. पुढे केरळात १ जानेवारी १९७० पासून कुळवहिवाट संपली आणि जमिनी कसणाऱ्यांच्या झाल्या. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे न्यायाचेच झाले. पण खंडाच्या भातावर उभी असलेली घरे त्या भाताबरोबरच हलकी झाली. माटुंगा, चेंबूर, डोंबिवली येथे आपल्या शेजारी राहणाऱ्या पालघाटच्या कितीतरी कुटुंबांच्या गावाकडील घराची गोष्ट हीच आहे. ती मंडळी रथोत्सवाला येतात, चार दिवस ओटे भरतात, मुले 'आमचे घर कोणते' म्हणून विचारतात, आणि पाचव्या दिवशी गाडी धरतात.

केरळ शासनाने जुन्या व नव्या कल्पात्तीला वारसा ग्रामाचा दर्जा दिला. हेतू स्तुत्य आहे. तो दर्जा नसता, तर ओळीत कोठेतरी चार मजली इमारत केव्हाच उभी राहिली असती. पण दर्जा मिळाल्यावर घर पाडणे, वाढविणे, नव्याने बांधणे यांस परवानगीचे बंधन आले, आणि ती परवानगी वेळेवर मिळत नाही ही तेथील रहिवाशांची जुनी तक्रार आहे. मामींनी आपल्या बाजूची भिंत नीट करण्यासाठी अर्ज केला. कार्यालयाने विचारले, भिंतीच्या दुसऱ्या धन्याची संमती कोठे आहे? संमतीचे पत्र मागविण्यात एक पावसाळा गेला. आले, तर नकाशा नव्या पद्धतीचा हवा. तो काढविण्यात दुसरा गेला. "दर्शनी खांबाला हात लावू नका म्हणतात," मामी म्हणाल्या, "मी कशाला लावीन? खांब माझ्या सासऱ्यांनी बसविला आहे. पण खांबामागे राहायचे कसे, ते सांगणारा कोणी भेटत नाही." दर्शनी भाग राखला आणि आतले घर ओले राहिले, तर मागे उरते ते मखर. मखर दहा दिवसांचे असते. पंढरीच्या प्रदक्षिणामार्गावरील वाडे मी लहानपणापासून पाहत आलो, त्यांतील कितीतरी आता राहिले नाहीत. तेव्हा हे मी दुरून उपदेश म्हणून लिहीत नाही.

एक गोष्ट लिहिली नाही, तर या लेखात खोटेपणा राहील. जे जुने ते सारेच राखण्याजोगे असते असे नाही, आणि या रस्त्यालाही एक असे जुने होते. येथून सर्वांना चालता येत नसे. १९२४ च्या रथोत्सवात ईळवा समाजातील काही माणसे या रस्त्यावर आली, तेव्हा त्यांना अडविण्यात आले व झटापट झाली. पुढे त्यांतील काहींनी आर्यसमाजाची दीक्षा घेतली. वाद मद्रासच्या कायदेमंडळापर्यंत गेला. तिकडे वैकमचा सत्याग्रह चालू होता तेच हे वर्ष. वाचकांपैकी कोणी चटकन मान हलवील, तर त्याने हेही आठवावे की आमच्या विठोबाच्या पायांवर सर्वांना डोके ठेवता यावे यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरास प्राणांतिक उपोषण करावे लागले. तो विठोबा, जो स्वतः कुंभारवाड्यात आणि महारवाड्यात गेला! मी मामींना १९२४ विषयी विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सासूबाई सांगत. त्या दिवशी सगळी दारे लावली होती, म्हणे. देव रस्त्यात आणि दारे बंद. सासूबाईंना ते आयुष्यभर बरे वाटले नाही."

आज मात्र दोर कोणाच्या हाती आहे हे कोणी विचारीत नाही, आणि गर्दीत ते कळतही नाही. २०२४ साली पालघाट विधानसभेच्या पोटनिवडणुकीचे मतदान १३ नोव्हेंबरला ठरले होते. रथोत्सवाचे दिवस तेच. तेव्हा निवडणूक आयोगाने इतरत्रच्या सणांबरोबर या उत्सवाचाही विचार करून मतदान २० नोव्हेंबरला नेले. एका रस्त्यावरच्या रथासाठी साऱ्या मतदारसंघाचे मतदान थांबावे, हे मला फार आवडले. त्याच निवडणुकीत या घरांच्या परवानग्यांचा प्रश्नही पुढे आला होता. घरांनी रथाइतका वेग घेतला असता तर बरे झाले असते.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी देवरथ-संगम झाला. सूर्य कलला तशी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून माणसांची लाट आत येऊ लागली. मामींनी मला ओट्यावरची आपली जागा दिली आणि स्वतः उंबऱ्यात उभ्या राहिल्या. आधी विनायक आले, मग इतर. सहाही रथ एकमेकांजवळ येऊन थांबले, आणि क्षणभर वाद्येही थांबल्यासारखी झाली. विश्वनाथाचा रथ आमच्या समोरून सरकला, तेव्हा चाकाखालची जमीन हलली. ते हलणे ओट्यात आले, ओट्यातून खांबात, आणि मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो म्हणून भिंतीतही मला ते कळले. पलीकडच्या बंद घराच्या ओट्यावर कोणा अनोळखी घरातली चार मुले बसली होती. त्यांतील एक धाकटे, टाळ्या वाजवीत होते. मामी दोन्ही हात जोडून होत्या. रथ पुढे गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा वर पाहिले, छपराकडे. एक कौल सरकले होते.

परत आल्यावर त्यांना पत्र घातले. माघात उत्तर आले. पलीकडच्या घराच्या धन्याने परदेशातून आढ्याच्या लाकडाचा निम्मा खर्च धाडला आहे. कार्यालयाची परवानगी अजून यावयाची आहे. तोवर छपरावर मेणकापड बांधून घेतले आहे. सुतार म्हणतो, मेच्या मध्यापर्यंत कागद हाती पडला, तर पावसाच्या आत लाकूड बसवून देईन. बंद घराची किल्ली सध्या मामींपाशी आहे. संध्याकाळी एक दिवा त्या तेथेही लावतात.